सकलेश्वराचें हरवलेलें शिखर

देवाच्या दर्शनापूर्वीं शिखराचें दर्शन, अशी आपल्याकडील जुनी वहिवाट आहे. बैलगाडीनें यात्रेस निघालेल्या कुटुंबांतील वडील मनुष्य माळावरून दूरचा कळस दिसतांच गाडी थांबवी, मुलांस खालीं उतरवी आणि सर्वांकडून तेथूनच हात जोडवून घेई. ज्याला गाभाऱ्यापर्यंत पोहोंचणें शक्य नसे, मग तो पाय थकलेला म्हातारा असो किंवा रूढीनें बाहेर ठेवलेला भाविक असो, त्याला तर शिखर हाच देव होता. अंबाजोगाईच्या सकलेश्वर मंदिरापुढें मात्र असें दुरून हात जोडण्याची सोय राहिलेली नाहीं. तेथें खांब आहेत, तुळया आहेत, कोरीव काम आहे, शिखर नाहीं. गांवचे लोक त्याला बाराखांबी म्हणतात. देवळाला देवाच्या नांवाऐवजीं खांबांच्या संख्येवरून नांव पडावें, यांतच त्याची अर्धी हकीकत आली.

उरलेली अर्धी हकीकत जमिनींत होती. इ. स. २०१८ मध्यें राज्याच्या पुरातत्त्व खात्यानें या परिसराची साफसफाई हातीं घेतली, तेव्हां मुख्य मंदिराचा मातींत बुडालेला तळभाग उघडा झाला आणि त्याबरोबर विटा निघाल्या. काळ्या पाषाणाच्या देवळांत विटा कशाला, असा प्रश्न प्रथमदर्शनीं कोणालाही पडेल. परंतु त्या विटा हरवलेल्या शिखराच्या होत्या. त्यांचे चौदा निरनिराळे प्रकार हातीं लागले. आणि त्यांतील कांहीं विटा पाण्यांत सोडल्या असतां बुडत नाहींत, तरंगतात. पुढें २०२५ सालीं उत्खनन झालें, त्यांत आणखी दोन मंदिरांचे पाये उघडे पडले. आज एकटें वाटणारें हें देऊळ एके काळीं एकटें नव्हतें. तरंगणाऱ्या विटेची बातमी वर्तमानपत्रांतून आली, लोकांस नवल वाटलें, आणि पुष्कळांस नल-नीलांची व सेतूची आठवण झाली असेल. ती आठवण क्षणभर बाजूस ठेवून, दगडाच्या देवळावर विटेचें शिखर कां चढविलें गेलें, तें कसें ढासळतें, आणि ढासळल्यावर त्याचें काय करावयाचें, हें पाहणें अधिक फायद्याचें आहे.

अंबाजोगाई हें गांव बालाघाटाच्या डोंगररांगेवर, जयंती नदीच्या कांठीं वसलेलें आहे. योगेश्वरीचें ठाणें म्हणून कोंकणांतील कित्येक घराण्यांच्या कुलाचारांत त्याचें नांव निघतें. मुकुंदराजांची समाधि येथें दाखवितात. दासोपंतांनीं कापडावर लिहिलेली प्रसिद्ध पासोडीही येथलीच. निजामाच्या राज्यांत या गांवाला मोमिनाबाद म्हणत व येथें घोडदळाची छावणी असे. या सर्वांच्या अगोदर, तेराव्या शतकांत, देवगिरीच्या यादवांचें हें एक महत्त्वाचें ठिकाण होतें. सिंघण यादवाचा सेनापति खोलेश्वर याचें नांव येथील शिलालेखांत येतें. इतिहाससंशोधक ग. ह. खरे यांनीं हे लेख वाचून प्रसिद्ध केले. शके ११५०, म्हणजे इ. स. १२२८, हा सकलेश्वराचा काल लेखांवरूनच ठरलेला आहे. त्यानंतर बारा वर्षांनीं, शके ११६२ मध्यें, खोलेश्वराची मुलगी लक्ष्मी हिनें गुजराथच्या मोहिमेंत पडलेल्या राम नांवाच्या आपल्या भावासाठीं रामनारायणाचें देऊळ बांधविलें, असें दुसऱ्या लेखांत आहे. भाऊ रणांत पडला आणि त्याचें नांव दगडावर ठेवण्याचें काम बहिणीनें केलें. लढायांच्या सनावळ्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. मराठवाड्यांतील कोणतेंही जुनें दगडी देऊळ दिसलें कीं त्यास हेमाडपंती म्हणण्याचा परिपाठ पडून गेला आहे. हेमाद्रि हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा करणाधिप. आणि महादेव गादीवर आला तोच मुळीं १२६० च्या सुमारास. सकलेश्वराचें देऊळ त्यापूर्वीं तीस वर्षें उभें होतें. अंबरनाथाचें देऊळ तर शके ९८२ मधलें, म्हणजे हेमाद्रीच्या आधीं दोनशें वर्षांचें. तेव्हां ही पद्धति हेमाद्रीनें काढली नाहीं. ती रूढ असतांना तो होऊन गेला, आणि लोकांनीं सगळ्या देवळांचें श्रेय एकट्याच्या पदरांत टाकलें. नांवांतील ही चूक निरुपद्रवी असती, तर सोडून देतां आली असती. पण तिच्याबरोबर दुसरी एक समजूत चिकटून आली आहे: हेमाडपंती म्हणजे चुना न वापरतां दगडावर दगड बसविलेलें बांधकाम. एवढेंच ज्यास ठाऊक आहे, तो देवळाच्या आवारांत विटा व चुन्याचे खपले पाहील, 'ही मागाहूनची ठिगळें' असें म्हणेल, आणि आवार स्वच्छ करण्याच्या उत्साहांत त्या गाडींत भरून बाहेर टाकील. किती देवळांचीं शिखरें अशा रीतीनें दोनदां नाहींशीं झालीं असतील, कोण जाणें. एकदां पडून, आणि मग पडलेलें उचलून टाकल्यामुळें.

आतां शिखराकडे वळूं. गाभाऱ्याच्या भिंती जाड असतात, खोली लहान असते, आणि तिच्यावर छत असतें. देवाला आडोसा एवढाच हेतु असता, तर काम येथेंच संपलें असतें. शिखर हें त्या छताच्या वर, गाभाऱ्याच्या भिंतींवर बसलेलें असतें आणि बहुधा आंतून पोकळ असतें. आपल्या जुन्या कारागिरांस कमान ठाऊक नव्हती असें नव्हे. पण देवळांत ते तिच्या भानगडींत फारसे पडले नाहींत. ते एका थरावर दुसरा थर थोडासा आंत सरकवून ठेवीत, त्यावर तिसरा आणखी आंत, असें करीत करीत चारी बाजू वर एकमेकींजवळ आणीत. आणि शेवटीं उरलेलें तोंड मोठ्या शिळेनें बंद करून तिच्यावर आमलक व कळस ठेवीत. अशा रचनेंत प्रत्येक थर आपल्या मागल्या बाजूच्या वजनानें दाबून धरलेला असतो. म्हणजे वजन हें या रचनेचें बळही आहे आणि संकटही आहे. वजन कमी पडलें तर आंत झुकलेले थर कोसळतील. जास्त झालें तर खालच्या भिंती फाकतील आणि पाया दबेल.

मराठवाड्यांत पायाची चिंता विशेष असते. येथील काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून हातभर भेगा देते, हें शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत आहे. शिवाय ही भूमि समजली जात होती तितकी स्थिर नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासचीं गांवें भूकंपानें उद्ध्वस्त झालीं आणि हजारों माणसें झोंपेंत गेलीं. त्या मृत्यूंना मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व डोक्यावरील धाब्याची माती पुष्कळ अंशीं कारण झालीं. डोक्यावर किती वजन घ्यावें, हा प्रश्न या प्रदेशांत केवळ शिल्पशास्त्राचा नाहीं.

थोडा हिशेब मांडला तर विटेचें मर्म ध्यानांत येतें. एक घनमीटर काळ्या पाषाणाचें वजन अठ्ठावीसशें किलोच्या वर भरतें. साध्या भाजलेल्या विटेचें तेवढेंच बांधकाम सतराशें-अठराशें किलो होईल. आणि जी वीट पाण्यावर तरंगते, ती पाण्याहून हलकी, म्हणजे घनमीटरला हजार किलोहून कमी. समजा, एखाद्या मध्यम शिखराला ५० घनमीटर माल लागला. दगडाचें केल्यास गाभाऱ्याच्या भिंतींवर सुमारें १४० टन येतील. तरंगत्या विटेचें केल्यास, चुन्याचें वजन सोडून, पन्नासहून कमी. गाभाऱ्याच्या भिंती त्याच, पाया तोच. भार मात्र एकतृतीयांशावर आला. सिन्नरच्या गोंदेश्वराचें शिखर सबंध दगडाचें आहे आणि तें दिमाखानें उभें आहे, हें खरें. ज्यास दगड, मजूर व खर्च यांची ददात नाहीं आणि पायाखालीं भक्कम जमीन आहे, त्यानें तसें करावें. इतरांनीं वजन कमी करण्याची युक्ति शोधली, एवढाच याचा अर्थ.

वीट तरंगते यांत चमत्कार नाहीं; तरी कौशल्य आहे. मातींत साळीचा कोंडा, भुसा किंवा असाच कांहीं जळून जाणारा पदार्थ मळून घातला, कीं भट्टींत तो जळतो आणि त्याच्या जागीं बारीक बारीक पोकळ्या राहतात. भाकरीला पापुद्रा सुटावा तशी ती वीट आंतून मोकळी होते. अर्थात् हें सांगणें सोपें आहे. कोंडा कमी पडला तर वीट जड राहते. जास्त पडला तर हातांत चुरते. आंच कमी लागली तर कच्ची, जास्त लागली तर वितळून वेडीवांकडी. जी वीट हलकी असून भारही सोसते, तिच्यामागें कुंभाराच्या कित्येक पिढ्यांचे फसलेले आवे आहेत. शिलालेखांत सेनापतीचें नांव आहे, राजाचें आहे. वीट भाजणाऱ्याचें नाहीं.

अशी वीट एकट्या अंबाजोगाईला होती असें नाहीं. तेलंगणांत पालमपेठ येथील रामप्पा देऊळ हें काकतीय गणपतिदेवाचा सेनापति रेचर्ल रुद्र यानें १२१३ मध्यें बांधविलें. सकलेश्वराहून तें अवघें पंधरा वर्षांनीं वडील आहे. त्याचेंही अंग दगडाचें व शिखर हलक्या, तरंगत्या विटांचें आहे. २०२१ सालीं त्याची गणना जागतिक वारशाच्या स्थळांत झाली. यादव व काकतीय यांचें राजकारणांत वैर असे. पण कारागिरीला सरहद्द आडवी येत नसावी. उलट बाजूस पाहिलें तर अंबाजोगाईच्या नैऋत्येस तेर आहे, प्राचीन काळचें तगर. तेथील उत्तरेश्वराचें व त्रिविक्रमाचें देऊळ हीं विटांचींच असून सकलेश्वराहून कित्येक शतकांनीं जुनीं आहेत. हेन्री कझेन्स यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांच्याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. उत्तरेश्वराची कोरीव लांकडी चौकट तेरच्या वस्तुसंग्रहालयांत जपून ठेविलेली आहे. तेव्हां बालाघाटाच्या परिसरांत विटेच्या देवळाची विद्या फार जुनी. दगडाचें युग आलें, तरी ती मेली नाहीं, शिखरावर जाऊन बसली.

विटेच्या शिखराचा सर्वांत मोठा संसार मात्र समुद्रापलीकडे कंबोडियांत पाहावयास मिळतो. ख्मेर लोकांनीं सातव्या शतकांत सांबोर प्रेइ कुक येथें, त्या वेळच्या ईशानपूर राजधानींत, विटांचीं शिखरदेवळें उभारलीं. त्यांतील कांहीं अष्टकोनी आहेत. त्यांच्या देवळाचें रूप आपल्या डोळ्यांस प्रथम विचित्र दिसतें, कारण तेथें मंडप गौण आणि शिखर हेंच देऊळ. आपल्याकडे प्रासाद या शब्दाचा एक अर्थ देवालय. तोच शब्द 'प्रासात' होऊन ख्मेर भाषेंत देवळाच्या बुरूजवजा इमारतीस लागला. त्यांच्या विटा इतक्या घट्ट बसविलेल्या असत कीं सांधा दोऱ्याएवढा दिसतो. विटा एकमेकींवर घांसून सपाट करीत व झाडाच्या चिकाची खळ लावून जोडीत. अंकोरजवळ प्रासात क्रवान नांवाचीं पांच विटांचीं शिखरें एका रांगेंत उभीं आहेत. काल इ. स. ९२१. मधल्या शिखरांत शिरलें, कीं विटांच्या भिंतीवर विटांतच कोरलेला विष्णु समोर येतो. आणि त्यांतील एक शिल्प आहे तीन पावलांत त्रैलोक्य आक्रमणाऱ्या त्रिविक्रमाचें. तेरला विटांच्या देवळांत त्रिविक्रम, आणि दोन समुद्रांपलीकडे पुन्हां विटांच्या देवळांत त्रिविक्रम! दोहोंचा प्रत्यक्ष संबंध जोडण्याची घाई करूं नये. पण मनुष्य थबकून उभा राहतो, हें खरें.

प्रासात क्रवान येथें सांगण्याजोगें आणखी आहे, आणि तें सकलेश्वरासाठीं अधिक कामाचें आहे. हीं शिखरें विसाव्या शतकांत पार मोडकळीस आलीं होतीं. १९६० नंतरच्या दशकांत फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार्ड-फिलिप ग्रोलिए यांच्या देखरेखीखालीं तीं सांवरण्यांत आलीं. जुन्या विटा जितक्या वापरतां येतील तितक्या वापरल्या. जेथें नव्या घालणें भाग होतें, तेथें मुद्दाम भाजून घेतलेल्या नव्या विटा बसविल्या आणि त्यांवर अंकोर संरक्षण संस्थेच्या नांवाचीं आद्याक्षरें उमटविलीं. दुरून पाहणाऱ्यास भिंत सलग दिसते. जवळ जाणाऱ्यास कोणती वीट दहाव्या शतकांतली व कोणती विसाव्या शतकांतली, हें वीटच सांगते. दुरुस्ती करणाऱ्यानें आपल्या कामाची कबुली देवळावरच लिहून ठेवली. आपल्याकडे जीर्णोद्धार करणारे देणगीदाराचें नांव संगमरवरावर लिहितात, पण काय जुनें होतें आणि काय नवें घातलें, हें लिहिण्याची चाल नाहीं.

शिखर पडतें कसें, याचें कारण लोक नेहमीं एका शब्दांत देतात: आक्रमण. मूर्ति फोडल्या गेल्या, देवळें पाडलीं गेलीं, हा इतिहास नाकारण्याचें कारण नाहीं. पण शिखराचा नित्याचा शत्रु याहून फार लहान असतो. कावळा किंवा साळुंकी पिंपळाचें फळ खाते आणि बीज शिखराच्या सांध्यांत टाकते. पहिल्या पावसाळ्यांत दोन पानें दिसतात. कोणाला कौतुकच वाटतें. पांच-सात वर्षांत मूळ मनगटाएवढें होऊन थरांत पाचरीसारखें घुसतें. पिंपळ तोडूं नये अशी श्रद्धा असल्यामुळें त्याला कोणी हात लावीत नाहीं, आणि तोडलाच तर वरून तोडतात. मूळ आंत कुजतें आणि तेथें पोकळी राहते. कंबोडियांत ता प्रोम येथें हाच खेळ प्रचंड प्रमाणावर झालेला आहे. या शतकाच्या आरंभापासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे लोक तेथें काम करीत आले आहेत; त्यांच्यापुढें पेंच असा कीं, ज्या मुळांनीं भिंती फोडल्या त्याच मुळांनीं आतां त्या आवळून धरल्या आहेत.

हलक्या विटेचें दुसरें दुखणें तिच्या गुणांतूनच येतें. ती पोकळ म्हणून हलकी, आणि पोकळ म्हणूनच पाणी पिणारी. जोंवर तिच्यावर चुन्याच्या गिलाव्याचें कातडें शाबूत आहे, तोंवर ती शतकेंच्या शतकें टिकेल. गिलावा फुटला, वेळींच सारवला नाहीं, कीं पावसाचें पाणी शिरतें, क्षार विरघळतात, ऊन पडल्यावर तेच क्षार पृष्ठभागीं येऊन विटेची पापडी सोडवितात. देवळाचें इनाम चालूं असतां दर कांहीं वर्षांनीं गवंडी शिखरावर चढे. राज्य गेलें, इनाम गेलें, गवंडी चढेनासा झाला. पुढचें काम पावसानें केलें. आणि पडलेल्या विटा-दगड गोठ्याला, विहिरीला, ओट्याला लागले. गरजू मनुष्याला पडीक देऊळ म्हणजे फुकटची खाण, हें जगांत सर्वत्र घडलें आहे.

आणि अलीकडे एक तिसरें दुखणें जडलें आहे. तें प्रेमांतून येतें. गांवकऱ्यांस देवळाविषयीं आस्था वाटूं लागते, वर्गणी जमते, आणि पहिलें पोतें येतें तें सिमेंटचें. जुना चुना हा मऊ, श्वास घेणारा. भिंतींतला ओलावा तो बाहेर सोडतो आणि भिंत किंचित् हलली तर आपणही हलतो. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचें पाणी घालून तो मुरवीत, त्याला दिवस लागत. सिमेंट एका रात्रींत दगड होतें आणि ओलावा कोंडून धरतें. कोंडलेलें पाणी मग वाट काढतें तें जुन्या विटेंतून, जुन्या दगडांतून. सिमेंटचें ठिगळ तसेंच राहतें व त्याच्या भोंवतालची तेराव्या शतकांतली वीट भुगा होऊन पडते. तैलरंगाचें तेंच. कोरीव खांबांस चकचकीत रंगाचा हात दिला कीं देऊळ सणासुदीचें दिसतें. दगडाला मात्र घाम बाहेर टाकतां येत नाहीं. शिकलेल्या खात्यांकडूनही चुका होतातच. १९८६ ते १९९३ या काळांत भारतीय पथकानें अंकोरवाट येथें मोठ्या मेहनतीनें काम केलें, पण दगडावरील शेवाळ काढण्यास जीं रसायनें वापरलीं त्यांवर पुढें पुष्कळ टीका झाली. तेव्हां वर्गणी काढणाऱ्या गांवकऱ्यांसच तेवढें दोषी धरण्याचें कारण नाहीं.

राहिला सर्वांत अवघड प्रश्न. पाया सांपडला, विटा सांपडल्या. मग सकलेश्वराला नवें शिखर कां बांधूं नये? हा प्रश्न विचारणाऱ्याची भावना समजण्यासारखी आहे. महादेवाच्या देवळाला शिखर नसणें हें भाविकास डोक्यावर पागोटें नसल्यासारखें वाटतें. शिवाय पूर्वजांनीं असें केलेलें आहे. औंढा नागनाथाचा खालचा भाग जुन्या कोरीव दगडाचा आणि वरचें शिखर मागाहून विटा-चुन्यानें बांधलेलें. त्या काळच्या लोकांनीं जुन्याशीं मेळ बसतो कीं नाहीं याची फिकीर केली नाहीं, देव उघडा राहूं नये एवढेंच पाहिलें. तें नांदतें देवस्थान होतें, पूजा खंडित होऊं द्यावयाची नव्हती, आणि त्यांचा निर्णय त्यांच्या जागीं योग्य होता.

पण सकलेश्वराची गोष्ट निराळी आहे. येथें जें उरलें आहे त्याचें मोल, तें अस्सल आहे यांत आहे. सर जॉन मार्शल यांनीं १९२३ मध्यें हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्यासाठीं संरक्षणाचे नियम लिहिले, त्यांचा रोख नवें घडविण्यापेक्षां जुनें राखण्यावर होता. पुढें १९६४ मध्यें व्हेनिस येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं ठरविलें कीं, जेथें पुरावा संपून तर्क सुरू होतो तेथें जीर्णोद्धारानें थांबलें पाहिजे. म्हणजे उभारणीस सरसकट मनाई नाहीं. पडलेले दगड मूळ जागीं परत बसवितां येत असतील तर खुशाल बसवावेत. डच लोकांनीं ही रीत जावांत चालविली; तेथें ती पाहून फ्रेंच वास्तुविद् आंरी मार्शाल यांनीं १९३१ पासून बांतेआय स्रेइ हें अंकोरचें देखणें देऊळ एकेक दगड ओळखून पुन्हां उभें केलें. तेथें दगड जागच्याजागीं पडलेले होते, आणि कोरीव कामावरून कोणाचा शेजारी कोण हें कळत होतें. सकलेश्वराच्या शिखराचे चौदा प्रकारचे तुकडे सांपडले आहेत. उंची किती होती, आमलक कसा होता, गिलाव्यावर काय कोरलें होतें, हें त्या तुकड्यांवरून सबंध सिद्ध झाल्यावांचून जें शिखर वर चढेल तें सकलेश्वराचें नसेल. तें आजच्या कंत्राटदाराचें असेल. आणि खालचे खांब, जे आज खरे बोलत आहेत, त्यांनाही तें खोटें पाडील.

उलट त्या चौदा प्रकारांत केवढी माहिती भरलेली आहे! सरळ भिंतीला इतक्या तऱ्हेच्या विटा लागत नाहींत. कोन वळविण्यास एक, गोलाई देण्यास दुसरी, पुढें आलेल्या थरास तिसरी, लहान लहान उपशिखरांस आणखी निराळी, असा त्यांचा विनियोग असला पाहिजे. लिपि लुप्त झालेल्या लेखाचीं अक्षरें हातीं यावींत तशा या विटा आहेत. प्रत्येक वीट कोणत्या थरांत, पायापासून किती अंतरावर, कोणत्या दिशेस पडलेली होती, याची नोंद असेल तर शिखर कोणत्या बाजूस कोसळलें हेंही कळूं शकेल. नोंदीवांचून उचललेली वीट फक्त तरंगते. नोंद केलेली वीट बोलते. म्हणून आठवण म्हणून एखादी वीट घरीं नेऊन बादलींत सोडून पाहुण्यांस दाखविण्याचा मोह ज्याला होईल, त्यानें तो आवरावा. महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा संरक्षित स्थळांपुरता याला आड येतोच, पण शेजाऱ्यानें दोन शब्द बोललेले कायद्याहून अधिक लागू पडतात.

उघडा केलेला पाया हा जमिनींत झांकलेल्या पायाहून नाजूक असतो. आठशें वर्षें मातीनें त्याला ऊन, वारा व गुरांचे खूर यांपासून जपलेलें असतें. खणल्यानंतर तें काम माणसावर येतें. नकाशे, मापें, छायाचित्रें घेऊन झालीं कीं खड्डे पुन्हां चाळलेल्या मातीनें किंवा वाळूनें भरून टाकणें, अथवा वर छप्पर घालून पाणी दूर नेणारे चर खणणें, हे दोन मार्ग आहेत. पहिला पाहणाऱ्यास निराश करतो आणि दुसरा खर्चाचा आहे. बालाघाटावर पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यांत येतो. जें करावयाचें तें त्याच्या अगोदर, मृगाचें नक्षत्र निघण्यापूर्वीं, उरकावें लागतें.